दोन पोळ्या जास्तीच्या

आज आपल्या संभाजीनगरच्या रोटी बँकेबद्दल बोलूया. डिसेंबर २०१५ मध्ये युसुफ मुकाती यांनी बायजीपुऱ्यात ती सुरू केली, तेव्हा सभासद होते २५०. नियम साधा. सभासदानं घरून किमान दोन ताज्या पोळ्या आणि भाजी किंवा सालन आणून द्यायचं. शिळं, उरलंसुरलं चालणार नाही. ज्याला गरज आहे त्यानं येऊन घेऊन जायचं.

यातली खरी गंमत मला फार उशिरा कळली. बाबा दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या काकू रोज डबा द्यायच्या. जेवण एक नंबर, पण आईला टेन्शन वेगळंच. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत ना! रात्री अकराला घरी येऊन ती डब्यात घालायला साखर, शेंगदाणे असं काहीतरी शोधत बसायची. चौथ्या दिवशी काकूंना म्हणाली, "आता नको, जमतंय आमचं." जमत काहीच नव्हतं. पुढचे दिवस आम्ही चहा-बिस्किटांवर काढले.

रोटी बँकेत ही परतफेडच नाही. देणारा देऊन निघतो, घेणारा त्याच्या वेळेला येतो. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत, मध्ये क्यू आहे. दोघांनी एकाच वेळी ऑनलाइन असायची गरज नाही.

आणि दोनच पोळ्या का? कणीक रोज मळतोच आपण, दोन गोळे जास्त. वेगळा स्वयंपाक करायचा म्हटलं तर आठवडाभरात उत्साह संपतो.

शेजारी द्यायचं असेल तर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात द्या, आणि देतानाच सांगा: डबा परत नकोय.