सुपारीचे खांड आणि सूक्ष्मदर्शकाची नजर

अर्धापूरच्या आमच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक पितळी डबा असे. त्यात सुपाऱ्या, अडकित्ता आणि चार लवंगा. हळद घेऊन आलेला शेतकरी असो, केळीचा व्यापारी असो किंवा नांदेडच्या पेढीवरून वसुलीला आलेला मुनीम असो, हिशेब जुळला की आजोबा सुपारी कातरून त्याच्या तळहातावर ठेवीत. व्यवहार पुरा झाला, मनात किंतु राहिला नाही, असे सांगण्याची ती पद्धत होती. विवाह ठरला की आपल्याकडे ‘सुपारी फुटली’ असेच म्हणतात. मंगलकार्यात कलशापाशी सुपारी असते आणि जेवणानंतर मुखवासातही ती असतेच. अशा वस्तूविषयी कोणाच्या मनात शंका यावी तरी कशी?

आमच्या थोरल्या काकांनी तो डबा आजोबांनंतर चाळीस वर्षे सांभाळला. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना तिखट लागेनासे झाले. भाजीत मिरची जास्त पडली असेल, असे घरच्यांना वाटे. पुढे ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाण्यापर्यंत मजल गेली. दाढ दुखू लागली म्हणून ते नांदेडला दंतवैद्याकडे गेले, तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टर वयाने तरुण होते. ते म्हणाले, “काका, आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घाला पाहू.” दोन बोटांवरच तोंड अडले.

“तंबाखू किती वर्षे खाता?”

“डॉक्टरसाहेब, तंबाखूला मी आयुष्यात हात लावलेला नाही.”

“आणि सुपारी?”

“सुपारीचे काय! ती तर सगळेच खातात.”

डॉक्टरांनी गालाच्या आतून बोट फिरवले आणि मलाही हात लावून पाहावयास सांगितले. मऊ अस्तराच्या जागी ताठ दोऱ्या लागत होत्या. रोगाचे नाव त्यांनी सांगितले, सबम्यूकस फायब्रोसिस. म्हणजे तोंडाच्या अस्तराखाली तंतूंची दाटी होऊन ते आखडत जाणे. गालाचा लहानसा तुकडा तपासणीसाठी पाठविण्यात आला. तो अहवाल येईपर्यंतच्या आठ दिवसांत मी या रोगाविषयी जे वाचले, त्यातून एका वेगळ्याच इतिहासाशी माझी ओळख झाली.

परळची प्रयोगशाळा

हा रोग वैद्यकाच्या नोंदीत फार उशिरा आला. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो पाहिला आणि कारण न कळल्याने नावातच ‘अज्ञातकारण’ असा शब्द घातला. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशालगतच्या भागातील याच विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. रोग आपल्या लोकांचा होता, त्यामुळे त्याचा शोधही आपल्याच लोकांनी घ्यावयास हवा होता.

तो घेतला गेला परळला. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. १९५२ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्यांच्या हाताखाली १९४८ साली एक तरुणी रुजू झाली होती, सत्यवती सिरसाट. जन्म १९२५ चा, कराचीचा. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात. लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे तंत्र आत्मसात केले. मानवी रोगांच्या अभ्यासासाठी या देशात अशी प्रयोगशाळा उभारणाऱ्यांत त्या अग्रणी होत्या.

१९५७ साली सिरसाट व खानोलकर यांचा एक निबंध इंग्लंडच्या विकृतिशास्त्रविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय होता टाळूच्या सबम्यूकस फायब्रोसिसचा रासायनिक रंजनाने व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेला अभ्यास. ज्या काळात हे यंत्र जगातही मोजक्याच ठिकाणी रोगी ऊतीकडे वळलेले होते, त्या काळात मुंबईच्या एका स्त्रीने ते आपल्या पानसुपारी खाणाऱ्या माणसांच्या टाळूकडे वळविले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढा काप

साध्या सूक्ष्मदर्शकाला प्रकाशाची मर्यादा असते. सुमारे दोनशे नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्याला वेगळे दाखविता येत नाहीत. मग भिंग कितीही उत्तम असो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १९३१ साली जर्मनीत अर्न्स्ट रुस्का व माक्स नॉल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत आणि काचेच्या भिंगाऐवजी चुंबकीय भिंग वापरून पहिले असे यंत्र बनविले. त्यासाठी रुस्का यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते पंचावन्न वर्षांनी, १९८६ साली.

परंतु इलेक्ट्रॉन जाड वस्तूतून पार जात नाहीत. म्हणून ऊतीचा काप साधारण साठ ते नव्वद नॅनोमीटर जाडीचा लागतो. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे हजारभर काप बसतील. प्रथम मिलिमीटरएवढा तुकडा रसायनात घालून आहे त्या स्थितीत स्थिर करतात. मग त्यातील पाणी काढून टाकतात, तो राळेसारख्या द्रव्यात मुरवितात आणि ते द्रव्य भट्टीत कडक करतात. नंतर त्या ठोकळ्याचे काप घेतात. हे काप घेणारी उत्तम सुरी कशाची असते? हिऱ्याची! व्हेनेझुएलाचे शास्त्रज्ञ उम्बेर्तो फेर्नांदेस-मोरान यांनी १९५० च्या दशकात ती घडविली. आपल्या समाजातील किती घरांनी हिऱ्याला पैलू पाडून जगाच्या बाजारात पाठविले. त्याच हिऱ्याची धार माणसाच्या रोगाचा छेद घेते, हे किती जणांना ठाऊक असेल?

ते काप तांब्याच्या तीन मिलिमीटर व्यासाच्या जाळीवर घेतात, शिसे व युरेनियम यांच्या क्षारांनी रंगवितात आणि निर्वात नळीत ठेवतात. पडद्यावर रंग उमटत नाहीत. सारे काळे, करडे, पांढरे. त्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू ओळखू येतात. प्रत्येक तंतूवर सुमारे सदुसष्ट नॅनोमीटरच्या अंतराने आडवे पट्टे असतात, जणू दोरखंडाचे पीळ. निरोगी गालात हे तंतू सैल, लवचीक मांडणीत असतात, म्हणून तोंड उघडते, मिटते, हसते. या रोगात त्यांच्या जुड्या एकमेकींना खेटून दाटतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, अस्तर पांढुरके व ताठ होते. माझ्या बोटाला लागलेली दोरी ती हीच.

मिरची की सुपारी?

रूप दिसले, पण अपराधी कोण? आरंभी संशय मिरचीवर गेला, कारण रुग्णाची पहिली तक्रार तिखट झोंबण्याची असे. सिरसाट व खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूवर मिरचीतील तिखट द्रव्याचे प्रयोग केले; तो निबंध १९६० चा. १९६२ साली त्यांनी सुपारीतील अरेकोलिन या द्रव्याचा परिणाम साध्या व इलेक्ट्रॉन अशा दोन्ही सूक्ष्मदर्शकांखाली तपासला. आमच्या घरी मिरचीला जो दोष दिला जात होता, तोच एके काळी शास्त्रज्ञांनीही तपासून पाहिला होता, हे वाचून मला थोडे हसू आले आणि थोडे समाधानही वाटले.

निर्णय मात्र केवळ प्रयोगशाळेत झाला नाही. संशोधक गावोगाव हिंडले, हजारो तोंडे तपासली. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात या रोगाच्या सहासष्ट रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. १९८५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. भावनगरच्या रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना करणारा अभ्यास १९९० साली आला, त्यात जवळजवळ प्रत्येक रुग्ण सुपारी चघळणारा निघाला. अरेकोलिनमुळे तंतू निर्माण करणाऱ्या पेशी चेतविल्या जातात आणि सुपारीतील तांब्याचा अंश त्या तंतूंना एकमेकांत घट्ट गुंफणाऱ्या द्रव्यास बळ देतो, असे पुढील संशोधनाने दाखविले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली तंबाखूयुक्त विड्याला कर्करोगकारक ठरविले, परंतु तंबाखूविरहित विड्याविषयी पुरावा अपुरा मानला होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिने निःसंदिग्धपणे सांगितले की, तंबाखू नसलेला विडा आणि नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडविते. ‘आम्ही तंबाखू खात नाही’ हे आपल्या घरांतील समाधान त्या दिवशी संपावयास हवे होते.

यंत्राची मर्यादा आणि उपयोग

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. काकांच्या रोगाचे निदान करण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. तीन बोटे, दंतवैद्याची नजर आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखालचा काप एवढे पुरेसे होते. मोठे यंत्र फारच थोडी जागा पाहते. मिलिमीटरभर तुकडा चुकीच्या ठिकाणचा निघाला तर ते चुकीचीच कथा सांगेल. त्याने रोग कसा घडतो ते समजण्यास हातभार लावला, हे त्याचे ऋण.

काही आजारांत मात्र आजही निदान त्याच्यावर अवलंबून असते. अंगावर सूज येऊन लघवीतून प्रथिने जाणाऱ्या कित्येक मुलांचे मूत्रपिंड साध्या सूक्ष्मदर्शकाखाली निर्दोष दिसते. १९५७ सालीच अमेरिकेत मॅरिलिन फारकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले की, अशा रुग्णांत गाळणीवरील पेशींचे बारीक पाय सपाट होऊन मिसळून गेलेले असतात. म्हणून घरातील कोणाची मूत्रपिंडाची बायोप्सी ठरल्यास ‘इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणी लागेल का?’ हे डॉक्टरांना आधीच विचारावे. कारण त्यासाठीचा तुकडा आरंभीच वेगळ्या द्रवात ठेवणे उत्तम.

आपल्या हाती काय?

काकांच्या अहवालात कर्करोग नव्हता. घरात सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. परंतु डॉक्टर म्हणाले, “काका, आता दर काही महिन्यांनी तोंड दाखवावयास यावे लागेल. हे तंतू परत पहिल्यासारखे सैल होत नाहीत. सुपारी थांबविली तर पुढची वाढ रोखता येईल.” इंजेक्शने व तोंडाचे व्यायाम सुरू झाले. काकांनी सुपारी त्याच दिवशी सोडली. तोंड आजही अडीच बोटांपलीकडे उघडत नाही.

खरा प्रश्न दुकानाचा होता. दारावर सुगंधी सुपारीच्या पुड्यांच्या माळा लटकत. गुटखा व पानमसाल्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली तेव्हा आम्ही तो माल ठेवणे बंद केले होते. मात्र सुपारी ती काय, म्हणून या पुड्या राहिल्या. शाळेतून घरी जाणारी मुले सुटे पैसे देऊन त्या घेत. काकांनी माळा उतरविण्यास सांगितले, तेव्हा माझ्या चुलतभावाने महिन्याचा तोटा आकड्यांत मांडून दाखविला. काकांनी वही पाहिली, मिटली आणि एवढेच म्हणाले, “या वहीत माझ्या तोंडाचा खर्च लिहिलेला नाही.”

आपल्या परंपरेने आहाराचे चार प्रकार मानले, त्यांत सुपारी स्वादिमात येते. चौविहाराचे पच्चक्खाण घेणारा तिचाही त्याग करतो. म्हणजे पूर्वजांनी तिला ‘काहीच नाही’ असे कधी मानलेच नव्हते; ते आपण आपल्या सोयीने मानू लागलो.

वाचकांनी आज रात्री घरातील प्रत्येकाला तीन बोटांची ही परीक्षा करावयास सांगावी. तिखट झोंबत असेल, गालात ताठ पट्टे लागत असतील किंवा बोटे आत जात नसतील, तर दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. आमच्या पितळी डब्यात आता बडीशेप आणि धणाडाळ असते. पूजेची अखंड सुपारी आम्ही विकतो. अडकित्ता मात्र माळ्यावर ठेवला आहे.