विडालच्या पलीकडचा विषमज्वर

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या टायगर पॉइंटवर पाय ठेवायला जागा नसते. कढईतून नुकतीच निघालेली कांदाभजी किंवा उकळता चहा यांची फारशी भीती नाही. उकळीपुढे विषमज्वराचे जंतू तग धरत नाहीत. धोका असतो तो चटणीत घातलेल्या पाण्यात, कापून ठेवलेल्या काकडीत, बर्फात आणि न धुतलेल्या हातांत.

टायफॉईड, म्हणजेच विषमज्वर, साल्मोनेला टायफी या जंतूमुळे होतो, तर पॅराटायफॉईड पॅराटायफी ए, बी आणि सी या त्याच्या भाऊबंदांमुळे. रुग्णाच्या विष्ठेतून ते पाण्यात किंवा अन्नात उतरतात आणि तिथून दुसऱ्याच्या पोटात. काही जणांच्या पित्ताशयात ते ताप गेल्यावरही वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात. असा माणूस ठणठणीत दिसतो, पण रोग पसरवत राहतो.

२०१७ ते २०२० या काळात देशात चार ठिकाणी मुलांच्या तापावर लक्ष ठेवलं गेलं. शहरी केंद्रांत टायफॉईडचं प्रमाण वर्षाला लाख मुलांमागे ५७६ ते ११७३ निघालं. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण केंद्रात ते अवघं ३५ होतं.

गावाकडे प्रमाण कमी दिसलं, तरी सहलीतून आलेला टायफॉईड ओळखणं अवघड. जंतू पोटात गेल्यावर ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. तोवर पर्यटक पुण्या-मुंबईला परतलेला असतो आणि चटणी विसरलेला असतो.

चढत जाणारा ताप, डोकेदुखी, गळून जाणं, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब, ही लक्षणं डेंग्यू-मलेरियाशीही जुळतात. त्यात रक्तातली प्रतिद्रव्यं शोधणारी, १८९६ पासूनची विडाल चाचणी पहिल्या आठवड्यात अनेकदा निगेटिव्ह येते, आणि जुना संसर्ग, लस किंवा दुसऱ्याच तापामुळे पॉझिटिव्हही येऊ शकते. खात्रीचा पुरावा म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणं. त्यातही बरेच रुग्ण सुटतात, पण जंतू सापडला तर त्यावर कोणतं औषध चालेल हेही कळतं. अनेक जुनी अँटिबायोटिक्स निकामी ठरत असताना ही माहिती मोलाची आहे.

आजार टाळण्यासाठी नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉईडची कॉन्जुगेट लस देण्याची मोहीम सुरू केली. ही लस पॅराटायफॉईडपासून मात्र वाचवत नाही.

म्हणून ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका. आधी डॉक्टरांकडे जा, गेल्या महिनाभरात कुठे काय खाल्लं-प्यायलं ते सांगा आणि औषधाच्या पहिल्या डोसाआधी ब्लड कल्चर करायचं का, हे विचारा.