थेंब ढवळताना

एक मायक्रोलिटर पाण्याचा थेंब गोल राहिला, तर त्याचा व्यास जेमतेम सव्वा मिलिमीटर भरतो. पाणी न धरणारा लेप दिलेल्या काचेवर तो अळूच्या पानावर राहावा तसा उभा राहतो. बारीक पिपेटने त्याच्या एका कडेला हलक्या हाताने रंग सोडला की तो थेंबभर लगेच पसरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा धागा बराच वेळ वेगळा ओळखू येतो. दोन द्रव एकाच थेंबात आहेत, पण एकमेकांत मिसळलेले नाहीत.

याचे कारण आकारात आहे. चंचुपात्रात फिरणारा चुंबकीय दांडा पाण्याला वेग देतो, जडत्वामुळे ते पुढे रेटत राहते, भोवरे उठतात आणि भोवऱ्यांतून आणखी लहान भोवरे फुटतात. थेंबात मात्र द्रवाचा चिकटपणा जडत्वावर मात करतो. या दोहोंचे प्रमाण रेनॉल्ड्स अंकाने मोजतात. चंचुपात्रातल्या ढवळण्यात तो हजारांच्या घरात असतो. पाण्यात सेकंदाला दहा फेरे घेणाऱ्या 10 मायक्रोमीटर लांबीच्या दांड्यासाठी तो 0.003च्या आसपास येतो. इतक्या लहान अंकाला भोवरे फुटत नाहीत. दांडा थांबला की प्रवाहही जवळजवळ त्याच क्षणी थांबतो.

मग उरते ते विसरण, म्हणजे रेणूंचे आपोआप पसरणे. मिठासारख्या लहान कणांना पाण्यात एक मिलिमीटर अंतर कापायला साधारण आठ मिनिटे लागतात, अल्ब्युमिनसारख्या प्रथिनाला दोन तासांहून अधिक. पण अंतर दहा पटींनी कमी झाले तर वेळ शंभर पटींनी घटतो. थेंब ढवळण्याचे सारे मर्म या वर्गाच्या नात्यात आहे. ढवळणीने रंगाचा धागा ताणायचा, दुमडायचा, पुन्हा ताणायचा. थर पुरेसे पातळ झाले की शेवटचे काम विसरणच करते.

त्यासाठी ढवळणीही थेंबाच्या मापाची लागते. मायक्रोलिटरच्या थेंबात निकेलच्या किंवा पोलादाच्या बारीक तारेचा तुकडा चालतो, मात्र धातू द्रवात उतरू नये म्हणून त्यावर लेप हवा. दुसरा मार्ग चुंबकीय मण्यांचा. चुंबकीय क्षेत्र लागू होताच सुटे मणी एकमेकांना चिकटून साखळी धरतात आणि क्षेत्र फिरले की ती साखळीच फिरू लागते. सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली अशी साखळी कायमची जोडून दाखवली: आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण चुंबकाजवळ रांगेत आणायचे आणि त्याच अवस्थेत त्यांच्यावर सिलिकाचे कवच चढवायचे. तयार झालेले नॅनोदांडे प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या मॅग्नेटिक स्टररवरही फिरतात. चुंबक थेंबाला स्पर्श करत नाही आणि एकाच फिरत्या क्षेत्रात शेकडो थेंब एकदम ढवळता येतात. ही सोय खरोखर मोठी आहे.

फेरे वाढवले म्हणजे मिश्रण सुधारते, असे मात्र नाही. एका मर्यादेपुढे चिकटपणाचा विरोध चुंबकीय बळाला भारी पडतो. दांडा क्षेत्रामागे रेंगाळतो, मग ताल चुकून जागीच थरथरतो. सुट्या मण्यांची साखळी तुटून तिचे तुकडे होतात. चुंबक थेंबाच्या मध्याखाली नसेल तर दांडा कडेला ओढला जातो. आणि सारे नीट जुळले तरी मधोमध एकाच दिशेने फिरणारा दांडा द्रवाला वर्तुळांत फिरवत राहतो. एका वर्तुळातला रंग शेजारच्या वर्तुळात फारसा जात नाही. नुसती दिशा उलटवूनही भागत नाही. जी. आय. टेलर यांनी ग्लिसरिनमध्ये दाखवले होते की, इतक्या संथ प्रवाहात उलटे फेरे दिले की पसरलेला रंग जवळपास मूळ जागी परत येतो. उपाय हसन अरेफ यांच्या 1984च्या मांडणीत सापडतो: केंद्र सोडून दोन ठिकाणी आळीपाळीने ढवळले, तर साध्या संथ प्रवाहातही थर गुंतागुंतीने दुमडत जातात. म्हणून चुंबकाच्या वेगाइतकाच त्याच्या जागेचाही विचार करावा लागतो.

एक पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास सुमारे 12 मायक्रोमीटर असतो. तिथे लहान रेणू सेकंदाच्या अंशात आपणच पसरतात. ढवळणी उपयोगी पडते ती प्रथिने, मोठे रेणू किंवा दाट द्रव असतील तेव्हा.

उघडा थेंब काही मिनिटांत लक्षणीय सुकतो. त्यामुळे त्यावर तेलाचा थर देतात किंवा तो दमट पेटीत ठेवतात. बाष्पीभवनाने थेंबात स्वतंत्र प्रवाहही निर्माण होतात आणि ते ढवळणीच्या खात्यावर जमा होण्याचा धोका असतो. म्हणून तेवढेच दांडे असलेला, पण क्षेत्र न फिरवलेला जोडथेंब शेजारी ठेवावा लागतो. दोन्हींची छायाचित्रे ठरावीक अंतराने घेऊन जागोजागच्या रंगाच्या तीव्रतेतला फरक मोजतात. तो फरक ढवळलेल्या थेंबात जितका लवकर घटेल, तितके मिश्रण चांगले. मोजणी संपली की कडेला धरलेला चुंबक दांड्यांना एका बाजूला गोळा करतो आणि उरलेला द्रव पिपेटने उचलता येतो.