स्थानकावरील वायफाय आणि शेतकऱ्याचे बँक-खाते

मुरबाड व शहापूर तालुक्यांतील अनेक शेतकरी भाजीपाला घेऊन कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत येतात. माल विकून झाल्यावर लोकलची वाट पाहताना स्थानकातील वायफायवर कोणी बाजारभाव पाहतो, कोणी सातबारा उतरवून घेतो. यात वावगे काही नाही. मात्र त्याच जोडणीवरून बँकेतील रक्कम हलविणे इष्ट नव्हे.

रेल्वे स्थानकांवरील या मोफत वायफायचा आरंभ गूगल व रेलटेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल येथे केला. गूगलने २०२० मध्ये अंग काढून घेतले. रेलटेलने ‘रेलवायर’ ही सेवा पुढे चालविली. जोडणीसाठी मोबाईल क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी एवढेच पुरते. यूपीआय पिन, आधार क्रमांक वा बँकेचा पासवर्ड मागणारे पान उघडल्यास ते खोटे समजावे व जोडणी तत्काळ तोडावी.

वायफायला कोणते नाव द्यावे यावर कोणाचेच बंधन नसते. बाकावर बसलेला भामटाही तळहाताएवढ्या यंत्राने स्थानकाच्याच नावाचे वायफाय उभे करू शकतो, आणि ओळखीचे नाव दिसताच मोबाईल आपण होऊन त्याला जोडला जातो. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये विमानतळांवर व विमानात असे जुळे वायफाय उभारून प्रवाशांचे पासवर्ड गोळा केल्याच्या आरोपावरून एकावर खटला दाखल झाला. आज बँकांचे व्यवहार कुलूपबंद स्वरूपात जातात, त्यामुळे वाटेत चोरून वाचणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. म्हणूनच भामटे खोटे पान पुढे करतात, नाही तर एखादे ॲप उतरवून घ्यावयास सांगतात. पीएम किसान योजनेच्या नावाची बनावट ॲप व्हॉट्सॲपवरूनही फिरली आहेत, हे ग्रामसेवकांनी सभेत अवश्य सांगावे.

पैशाचा व्यवहार करावयाचा झाल्यास वायफाय बंद करून स्वतःच्या सिमकार्डाचे इंटरनेट वापरावे. आपोआप जोडणीची सोय बंद ठेवावी. फसगत झालीच, तर घरी पोहोचेपर्यंत थांबू नये. १९३० या क्रमांकावर व बँकेस लगेच कळवावे. तक्रार लवकर झाल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी रोखता येण्याचा संभव असतो.

ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत वायफाय बसविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अहमदाबाद येथे २६ जुलै २००८ रोजी बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे पाठविलेल्या धमकीच्या ईमेलचा माग ठाणे जिल्ह्यातील सानपाडा येथील एका घरच्या वायफायपर्यंत पोहोचला. ते उघडे असल्याने दुसऱ्यानेच वापरले होते. चौकशीला मात्र त्या रहिवाशास तोंड द्यावे लागले. राउटर बसविताना कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा आणि नवा पासवर्ड कचेरीच्या भिंतीवर लिहून ठेवू नये.