रूट कॅनलनंतरचं दुखणं: दोष सिमेंटचा का?

‘नस काढली, मग दात दुखतोच कसा?’ धाराशिव असो की उमरगा, रूट कॅनलनंतर हा प्रश्न पडतोच. मग संशय सिमेंटवर येतो: हलकं वापरलं असणार, महागडं भरलं असतं तर दुखलं नसतं.

नस दाताच्या आत असते. दाताला हाडाशी धरून ठेवणारा पातळ पडदा मुळाच्या बाहेर असतो आणि तो जिवंतच राहतो. मुळं साफ करताना आतली थोडी घाण टोकाबाहेर ढकलली जाते, तिथं सूज येते. दुखणं बहुतेक त्या सुजेचं. पहिले एक-दोन दिवस ते जास्त जाणवतं, आठवडाभरात ओसरतं. उपचाराआधी दात ठणकत असेल, तर नंतर दुखण्याची शक्यता अधिक.

मुळात भरतात ते गटापर्चा, म्हणजे आग्नेय आशियातल्या झाडांचा चीक. भोवतीच्या फटी सीलर बुजवतं, ज्याला लोक सिमेंट म्हणतात. जुन्या सीलरमध्ये झिंक ऑक्साइडसोबत युजेनॉल असतं, लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. लवंगेनं दातदुखी तात्पुरती शमते हे खरं. पण ओलं सीलर मुळाच्या टोकाबाहेर गेलं, तर तेच युजेनॉल चुरचुरतं. आता रेझिनची आणि बायोसिरॅमिक सीलरंही मिळतात. त्यांच्या तुलना झाल्या आहेत. फरक दिसला तरी थोडाच, तोही सुरुवातीच्या एक-दोन दिवसांपुरता. बायोसिरॅमिकचे इतर गुण आहेत, पण केवळ दुखू नये म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

खरा त्रास पुष्कळदा वरच्या भरणामुळे होतो. ते किंचित उंच राहिलं की प्रत्येक घासाला त्याच दातावर दाब येतो. गोळ्या खात बसण्यापेक्षा डॉक्टरांकडून ते घासून घ्यावं, काही मिनिटांचं काम असतं. चेहऱ्यावर सूज किंवा ताप नसेल तर अँटिबायोटिकची गरज नसते. चेहरा सुजला, ताप आला किंवा दुखणं वाढतच गेलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सगळ्यात घातक समज म्हणजे दुखणं थांबलं की काम झालं. भूम-परंड्याच्या एखाद्या खेड्यातून शहरात यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून पक्कं भरण आणि कॅप बसवायची पुढची तारीख टळते. पण तात्पुरतं भरण काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की लाळेतले जंतू पुन्हा मुळात शिरतात, आणि कॅप नसलेली दाढ शेंगदाणे फोडतानाही चिरू शकते.