अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळणारं सुख

सुख नेमकं कशात असतं? पैशात, मानात, की मनाच्या शांतीत? या प्रश्नावर मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण एकदा त्याचं उत्तर कारखान्याच्या फाटकाबाहेर, भर रस्त्यावर मिळालं होतं.

बंगळुरूच्या तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र आहे. १९७०च्या दशकात उभी राहिलेली ही वसाहत लहान-मध्यम कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. यंत्रांचे सुटे भाग इथे बनतात, तसेच तयार कपडेही. बंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई मशीनवर बसणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच. पगार बेताचा, नोकरीची शाश्वती कमी.

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने प्रॉव्हिडंट फंडाचा नियम बदलला. नोकरी सुटल्यावर कामगाराला स्वतःचा हिस्सा व्याजासह काढता येईल, मालकाने भरलेला हिस्सा मात्र वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीच मिळेल, असं ठरलं. हेतू वाईट नव्हता. म्हातारपणी हातात चार पैसे असावेत, एवढाच.

पण १८ आणि १९ एप्रिलला बंगळुरूतल्या हजारो कामगार स्त्रिया काम टाकून रस्त्यावर आल्या. दुसऱ्या दिवशी हे लोण पीण्यापर्यंत पोहोचलं. शहरात दगडफेक, जाळपोळही झाली. तिचं समर्थन कुणी करणार नाही. पण रोज मान खाली घालून शिवण घालणाऱ्या बायका इतक्या का चिडल्या, हे समजून घ्यायला हवं. १९ तारखेलाच सरकारने तो नियम मागे घेतला.

या स्त्रियांना फंड नको होता असं नाही. पण मुलीचं लग्न, मुलाची फी, घरातलं आजारपण अठ्ठावन्नाव्या वर्षाची वाट पाहत थांबत नाही. गरज पडेल तेव्हा आपल्या कष्टाच्या पैशावर आपला हात असावा, कुणापुढे पदर पसरावा लागू नये, हेच त्यांचं सुख होतं. ते लहान म्हणायचं की मोठं?

आता जरा आपल्याकडे पाहू. आपल्यावर असा नियम कुणी लादलेला नाही. तरी आपण तो आपणहून पाळतो! घराचे हप्ते फिटले की फिरायला जाऊ, मुलं मार्गी लागली की गाणं शिकू, निवृत्त झालो की आईजवळ निवांत बसू. तोवर गुडघे दुखू लागतात, गळा साथ देत नाही आणि आईची खुर्ची रिकामी झालेली असते.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ पासून माणसांच्या आयुष्याचा सलग अभ्यास चालवला आहे. त्याचा निष्कर्ष साधा आहे : पैसा-प्रसिद्धीपेक्षा जिव्हाळ्याची नाती माणसाला अधिक सुखी आणि निरोगी ठेवतात. नात्यांना वेळ लागतो, आणि तो वेळ बँकेत साठवून ठेवता येत नाही.

म्हातारपणाची तरतूद जरूर करावी, त्यात शहाणपण आहे. मात्र पैशाबरोबर हसणं, बोलणं, एकत्र जेवणंही पुढच्या तारखेवर टाकू नये. पीण्याच्या त्या बायकांनी आपल्या हक्काच्या पैशाला घातलेलं कुलूप दोन दिवसांत काढायला लावलं. आपल्या सुखाला आपणच घातलेल्या कुलपाची किल्ली तर आपल्याच कनवटीला आहे.