ओबोनचा फेर

बुद्धाच्या देवळाबाहेर कोंबडी भाजताना मी पाहिली ती अमेरिकेतल्या सॅन होजेच्या जपानटाउनमध्ये. जुलैतला शनिवार होता, पितरांची आठवण काढायचा ओबोन हा सण होता. नॉर्थ फिफ्थ स्ट्रीट रहदारीला बंद होती आणि देवळातलीच मंडळी घामाघूम होऊन तेरियाकी चिकन उलटसुलट करत होती. जावईबापू लगेच रांगेत. मी आणि लेक शाकाहारी, म्हणून इनारीकडे वळलो. तळलेल्या टोफूच्या पिशवीत आंबटगोड भात भरलेला असतो. लेकीने विचारून घेतलं ते बरं झालं, कारण टोफू शिजवायच्या पाण्यात बरेचदा मासा असतो. शेवटी मक्याच्या कणसावर भागवलं. नातवाने बर्फाचा गोळा घेतला, त्याचं काम झालं.

हे देऊळ सॅन होजे बुद्धिस्ट चर्च बेत्सुइनचं. ही संस्था 1902 सालची, आजची इमारत 1937 ची. बाहेरून अस्सल जपानी देऊळ, आत बसायला मात्र बाकं. सुशी वळणाऱ्या आज्यांपासून कचरा उचलणाऱ्या पोरांपर्यंत सगळे स्वयंसेवक, आणि विक्रीचे पैसे देवळाच्या खर्चाला.

ओबोनमागची गोष्ट मोग्गलानाची. बुद्धाच्या या शिष्याला दिसलं, की मेलेली आई प्रेतलोकात भुकेने तळमळते आहे. बुद्धाने सांगितलं, वर्षावास संपताना भिक्षूंना दान दे. त्याने दिलं, आई सुटली आणि हा आनंदाने नाचला. आमच्याकडे पितृपंधरवड्यात नवं लुगडं घेत नाहीत, इथे पितरांच्या नावाने रस्त्यावर नाचतात! शिवाय या मंडळींच्या जोदो शिन्शू पंथात पितर घरी जेवायला येतात असं मानतच नाहीत. ज्यांच्यामुळे आपण आहोत त्यांची आनंदाने आठवण काढायची, एवढंच. मला हे पटलं. कावळ्याची वाट पाहत ताटकळण्यापेक्षा बरं.

पण हा आनंद सुखासुखी आलेला नाही. जपानशी युद्ध चालू असताना फेब्रुवारी 1942 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. इथल्या अनेकांना आधी सांता अनिताच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर ठेवलं, मग वायोमिंगमधल्या हार्ट माउंटनला. युद्धानंतर परतलेल्यांना घरं मिळेनात, तेव्हा देवळानेच आसरा दिला. सरकारने माफी मागितली ती 1988 मध्ये, हयात असलेल्यांना प्रत्येकी 20 हजार डॉलर मंजूर करून. अमेरिकेत जुने जपानटाउन आता तीनच उरलेत. त्यातल्या एकात मी कणीस खात उभी होते.

संध्याकाळी ताइको ढोल घुमले आणि रस्त्यावर फेर धरला गेला. रेशमी किमोनोतल्या बाया, बनियनमधले बाप्ये, कडेवर पोरं. ‘तान्को बुशी’ हा कोळसा खाणीतल्या मजुरांचा नाच. खणायचं, खांद्यावरून मागे टाकायचं, कपाळावर हात धरून पाहायचं, गाडा ढकलायचा. पुढच्या बाईकडे पाहत मीही शिरले. कोणी नाव विचारलं नाही, धर्मही नाही.

बे एरियातली देवळं आपापले ओबोन वेगवेगळ्या शनिवार-रविवारी ठेवतात, म्हणजे एकमेकांकडे नाचायला जाता येतं. माउंटन व्ह्यूचं देऊळ आमच्या घराजवळ आहे. तिथे मी पंजाबी ड्रेस घालून जाणार. गाडा ढकलताना निऱ्या पायात येतात.